वजा नऊ अंश

कुलथे सर दर गुरुवारी प्रयोगशाळेत यायचे आणि चहाआधी भिंतीवरच्या सगळ्या सूचना मोठ्याने वाचायचे. "'चपला बाहेर काढाव्यात.' वा, काय अक्षर आहे!" नऊ वर्षं ठार आंधळ्या राहिलेल्या माणसाचा हा लाड सगळे मुकाट चालवून घेत. त्यांच्याच कल्पनेतून तयार झालेला, तीन अणूंच्या जाडीचा, उजेड टिपून नसांना पोचवणारा पापुद्रा दीड महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात बसवला होता.

हेमांगी सोवनीचं काम असे पापुद्रे तपासण्याचं. साधा तापमापक इथे काय कामाचा! ती उजेडाची अतिसूक्ष्म तिरीप एकेका ठिपक्यावर टाकी; परतणाऱ्या उजेडाचा रंग किंचित सरके, त्यावरून ठिपका किती तापलाय ते कळे. पापुद्र्याच्या सुरकुतीत तिरीपच अडकून जास्त ऊब धरते, तेव्हा तिथले नऊ अंश वजा करायचे, हा सरांचा नियम. सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. तीन वर्षं हेमांगी बिनदिक्कत वजा करत आली होती.

त्या गुरुवारी गडबडीत तिरीप दहापट मंद राहिली. आकडा उतरायला हवा होता, पण तोच आला. तिने ती आणखी मंद केली, तरी सुरकुतीवर नऊ अंश जास्तच. पापुद्र्यातला वीजप्रवाह बंद केला, तेव्हा कुठे आकडा उतरला. आकड्यांचा कागद घेऊन ती सरांपाशी गेली.

"सर, ते नऊ अंश तिरिपीचे नाहीत. पापुद्र्याचेच आहेत."

"पुन्हा मोजलंस?"

"चारदा. प्रवाह चालू असला की तापतो."

"म्हणजे मी बघतो तेव्हा." सरांनी कप खाली ठेवला. "माझ्या पापुद्र्यात सुरकुती आहे का गं?"

"डोळा आतून गोल असतो, सर. सपाट पापुद्र्याला तिथे सुरकुती पडतेच. सगळ्यांच्याच आहे."

"अंगाचे सदतीस आणि हे नऊ, शेहेचाळीस अंश. वर्षभरात खालच्या नसा भाजून जातील. मग दुसरा पापुद्रा बसवूनही उपयोग नाही."

त्यांनी कागद मागून घेतला, नाकाशी धरून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला आणि डोळा मिटला.

"वजाबाकीचा नियम माझा होता. नावासकट लिही. आणि यंदा पापुद्रा बसवलेल्यांची यादी आता तूच वाच."

हेमांगीला स्वतःचा राग आला होता, पण आवाज सांभाळून ती वाचू लागली. यादीत तीनशे बारा नावं होती. त्यातली बहुतेक माणसं या घटकेला काही ना काही डोळे भरून बघत असणार. बघू नका, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?