अकरा वीसचा चेहरा

सोमवारी सकाळी प्रभाकर उकिडवे भाचीच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात सँडल.

मृणालनं ते पाहिलं. तिनं चहाचं आधण ठेवलं. ती खाजगी तपासाची कामं घ्यायची. मामा कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडायचे. पिशवी धरायची, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, एवढी तीन कामं ते इमानेइतबारे करत. आज मात्र ते मदतनीस म्हणून आले नव्हते.

"काननला पोलिसांनी नेलंय," मामा म्हणाले. "गुरुवारी. आज चार दिवस झाले. मी नुसता बघत राहिलो गं."

कानन मंडल त्यांच्याकडे एकोणीस वर्षं कामाला होती. मामी गेल्यावर शौनकला तिनंच वाढवलं. तो तिला बंगाली रीतीनं माशी, म्हणजे मावशी, म्हणायचा. मामीकडून ती मराठीही शिकली होती. हातात घेतलेलं काम पुरं झाल्याशिवाय ती घोटभर पाणीही पीत नसे.

"आरोप काय?"

"वरच्या मजल्यावरच्या लीनाताईंच्या पाटल्या गेल्या. त्याच दिवशी लीनाताई अकरा ते बारा महाराष्ट्र मंडळात होत्या. कुलूप किल्लीनंच उघडलेलं. त्यांची जादा किल्ली आमच्याकडे खिळ्याला असते, म्हणून आधी काननवर नजर गेली. ती दहा वाजता काम आटपून गेली होती म्हणते. पण गेटवर तिचा फोटो निघाला. अकरा वीसला."

"फोटो कोण काढतं?"

मामांनी मान खाली घातली. "शौनकचं ॲप," ते म्हणाले.

शौनक म्हणजे मामांचा मुलगा, वय चोवीस, सेक्टर फाइव्हमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. सॉल्ट लेकच्या त्यांच्या सोसायटीत गेटवर फाटकी वही असायची. तिच्या जागी त्यानं जुलैत हौसेनं एक वेब ॲप करून दिलं होतं. आत येणाऱ्यानं टॅबवर नाव आणि फ्लॅट टाकायचा, टॅब फोटो काढतो, की झालं. सोसायटीनं त्याला नारळ आणि शाल दिली होती. ती शाल मामांनी हॉलमध्ये घडी करून दिसेल अशी ठेवली होती.

मृणाल पोचली तेव्हा शौनक लॅपटॉपपुढे बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"ताई, हे बघ." त्यानं आधी पोलिसांकडे गेलेल्या कागदाची प्रत पुढे केली. वेळ अकरा वीस, नाव 'कुरियर', फ्लॅट लीनाताईंचा. शेजारी काननचा फोटो. उजव्या हातानं ती डोक्यावरचा पदर सावरत होती. मनगटात एक पांढरी बांगडी, एक लाल.

"आणि आता हे." त्यानं लॅपटॉप वळवला. तीच नोंद, तीच वेळ, तेच नाव. पण फोटोत पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण होता. काच वर केलेली, चेहरा अर्धा वळलेला.

"हा सुयश आहे," मामा म्हणाले. "लीनाताईंचा भाचा. तो पहिल्यांदा कलकत्त्यात आला तेव्हा महिनाभर वरच राहत होता."

"एकाच नोंदीला दोन चेहरे?" मृणालनं विचारलं.

"काननमाशीला नेलं त्या संध्याकाळी मी सर्व्हरवरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं," शौनक म्हणाला. "कुणी छेडछाड केली असेल तर कळावं म्हणून. दहा मिनिटांनी मजुमदारबाबूंनी माझा पासवर्ड काढून घेतला. ते सेक्रेटरी आहेत. म्हणतात, तुझ्या माशीला वाचवायला तूच लॅपटॉपवर फोटो बदललास. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. कुणीच नाही बघितला, फक्त बाबांनी आणि आता तू."

"तू बदललास?"

"नाही. पण ताई, आता मला माझाच भरवसा वाटत नाही. प्रोग्रॅम तोच, फोटो तेच, एक अक्षर बदललेलं नाही. माझ्या लॅपटॉपवर शंभरदा तपासून दिलाय मी. कधी चूक झाली नाही."

"सर्व्हर म्हणजे असाच लॅपटॉप का?"

"नाही, तो भाड्याचा असतो, दूर कुठेतरी. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, सर्व्हरवर लिनक्स. स्वस्त पडतं. सगळे तसंच करतात."

मृणालनं विचारलं, "नोंदीला तिचा फोटो कसा जोडतोस?"

"फोटो एका फोल्डरमध्ये साठतात. प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याची तारीख-वेळ. पहिल्या नोंदीला फोल्डरमधला पहिला फोटो, दुसरीला दुसरा. साधं आहे."

मामांना यातलं काही कळलं नाही. मृणालनं मात्र ते वहीत उतरवून घेतलं.

ठाण्यात त्यांना दहा मिनिटं मिळाली. कानन बाकावर बसली होती. मामांनी बाहेरून चहा आणला होता. तिनं मातीचा पेला दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही. पदर घसरला होता, हात कोपरापर्यंत उघडे होते. ते हात थरथरत होते आणि मामांना दुसरं काही दिसेना. त्यांनी तोंड फिरवलं.

"दादाबाबू, शौनक जेवतो ना?" तिनं विचारलं.

"कानन, तो फोटो तू पाहिलास?" मृणाल म्हणाली.

"लांबून दाखवला. म्हणाले, ही तूच ना. मी म्हटलं, मीच. मग म्हणाले, झालं तर."

"उद्या सुटशील तू," मामा म्हणून गेले. हे आपण कशाच्या जोरावर म्हणालो, ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कानननं मान हलवली, ती त्यांचं मन राखायला.

गेटवर एजन्सीचा रखवालदार होता. दर आठवड्याला नवा माणूस येई, पण हा गुरुवारी होता. "दिवसाला नव्वद माणसं येतात, चेहरे कुठे लक्षात ठेवणार," तो हिंदीत म्हणाला. "फोटो निघाला की टॅबवर दिसतो. तेव्हा बरोबर माणूस दिसतो. नंतर कोण बघतं?"

मजुमदारबाबूंनीही हिंदीतच ठणकावून सांगितलं, की सर्व्हरवरची ती नोंद त्यांनी गुरुवारी दुपारी स्वतः उघडली, छापली आणि पोलिसांना दिली.

"त्यानंतर पुन्हा कधी उघडलीत?"

"कशाला? पुरावा एकदाच बघतात." गेटवरचे फोटो मात्र रोजच्यासारखे चालू होते, असंही ते म्हणाले.

लीनाताईंकडे सुयश बसलेलाच होता. टेबलावर त्याचं काळं हेल्मेट होतं. लीनाताई रडून थकल्या होत्या. पाटल्या त्यांच्या सासूबाईंच्या होत्या.

"शौनकच्या लॅपटॉपवर तुमचा फोटो आहे," मृणाल सुयशला म्हणाली.

"ऐकलंय मी. मावशीला प्रभाकरकाकांनी फोनवर सांगितलं." तो शांत होता. "गुरुवारी सकाळी मी ऑफिसात होतो. फोटो काय, कुणाचाही चिकटवता येतो. आणि पिवळं हेल्मेट घालून बाइक-टॅक्सीवर फिरणारे या शहरात हजार असतील, त्यातला मीच कशावरून?"

"माझा सुयश असं करणार नाही," लीनाताई म्हणाल्या. "प्रभाकरभाऊ, बाईला वाचवायला तुम्ही माझ्या बहिणीच्या मुलावर आळ घेताय."

मामांनी पिशवी उचलली. जिन्यात आल्यावर त्यांनी मृणालचा दंड धरला. "मजुमदारनंच फोटो बदलला असेल," ते म्हणाले. "मला तो माणूस पहिल्यापासून आवडत नाही."

"मामा, फोटो कुणीच बदललेला नाही," मृणाल म्हणाली. "पाच वाजता सगळ्यांना लीनाकाकूंकडे बोलवा. मजुमदारबाबूंना म्हणावं, सर्व्हर तुम्हीच उघडायचा, तुमच्याच फोनवर."

पाच वाजता सगळे जमले. मृणालनं छापील फोटो टीपॉयवर ठेवला.

"मामा, काननच्या हातात काय दिसतं?"

"बांगड्या. एक पांढरी, एक लाल."

"शाँखा आणि पोला. आपल्या मंगळसूत्रासारखं इथल्या बायकांचं सौभाग्याचं लेणं. नवरा असेपर्यंत त्या हातातून काढत नाहीत. आज सकाळी ठाण्यात तिनं पेला धरला, तेव्हा हात कसे होते?"

मामांना थरथरणारे हात आठवले. त्या हातांत काहीही नव्हतं.

"पोलिसांनी काढून घेतल्या असतील," सुयश म्हणाला.

"मी दुपारी ठाण्यात फोन करून विचारलं, काननशीही बोलले. आणली तेव्हाच हात मोकळे होते. काननचा नवरा भाद्र महिन्यात गेला. म्हणजे अडीच महिने झाले. मग परवाच्या गुरुवारी काढलेल्या फोटोत शाँखा कुठून आला? हा फोटो जुलै-ऑगस्टमधला आहे. तेव्हा ती रोजच्यासारखी कामाला येत होती."

मजुमदारबाबूंनी कागद उचलला आणि बराच वेळ पाहिला. ते बंगाली होते. हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मामांची गत त्याहून वाईट झाली. भाद्रात काननचा नवरा गेला, हे त्यांना आत्ता, परक्याच्या दिवाणखान्यात कळत होतं.

"मग जुना फोटो परवाच्या नोंदीवर कुणी लावला?" लीनाताईंनी विचारलं.

"कुणीच नाही. मजुमदारबाबू, तीच नोंद आत्ता उघडा."

त्यांनी फोनवर नोंद उघडली आणि चष्मा वर केला. वेळ अकरा वीस, नाव कुरियर. फोटोत कानन नव्हती. डोक्यावर टोपली घेतलेला एक मासळीवाला तिथे हसत उभा होता.

"हे कसं झालं?" ते पुटपुटले. "याला तर कुणी हात लावलेला नाही."

"हात लावला नाही, पण गुरुवारनंतर साडेतीनशे नवे फोटो आले. मामा, तुमच्या कचेरीत फायली आणून देणारे दोन शिपाई होते ना? त्यांच्याबद्दल तुम्ही नेहमी सांगता."

"होते की. साहू न सांगता क्रमानं लावून आणायचा. दास हाताला येतील तशा."

"शौनकचा लॅपटॉप म्हणजे साहू. विंडोज त्याला फोल्डरमधले फोटो नावाच्या क्रमानं देतं, न सांगता. फोटोंची नावं म्हणजे तारीख-वेळ, म्हणून क्रम आपोआप बरोबर. शौनकला वाटलं, सगळीच यंत्रं अशी देतात. सर्व्हर म्हणजे दास. लिनक्सला क्रम लाव म्हणून सांगितलं नाही, तर ते आपल्या सोयीनं देतं. नवे फोटो मधेच कुठेतरी घुसतात आणि पुढचे सगळे सरकतात. गुरुवारी अकरा वीसच्या वाट्याला कानन आली, आज मासळीवाला. फोटो काढताना टॅबवर बरोबर दिसतो आणि नंतर कुणी बघत नाही. म्हणून पाच महिने कुणाला पत्ता लागला नाही."

शौनक उभाच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी क्रम लावायला सांगितलंच नाही," तो म्हणाला. "एक ओळ होती, ताई. एकच ओळ."

"म्हणजे खरी नोंद लॅपटॉपवरची," मजुमदारबाबू म्हणाले आणि सगळ्यांनी सुयशकडे पाहिलं.

"लॅपटॉपवर काहीही करता येतं," सुयश म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता.

"येतं. पण तो फोटो शौनक, मामा आणि मी, एवढ्यांनीच पाहिलाय. मजुमदारबाबूंनी बघायला नकार दिला. लीनाकाकूंना फोनवर फक्त तुमचं नाव सांगितलं होतं. मामा, हेल्मेटचा रंग सांगितलात?"

"छे. हेल्मेट होतं हेसुद्धा नाही सांगितलं."

"तुमचं हेल्मेट काळं आहे, सुयश. ते समोर टेबलावर आहे. मग दुपारी तुम्ही पिवळं म्हणालात, ते कुठे पाहिलंत? बाइक-टॅक्सीवर मागे बसताना चालक देतो ते असतं. तुम्ही ते डोक्यावर ठेवूनच आत आलात. इथे महिनाभर राहिलात, तेव्हा दुसरी किल्ली करून घेतलीत. काननवर नाव येईल हे तुम्हाला माहीतही नव्हतं. ते तुम्हाला आयतं मिळालं आणि तुम्ही गप्प बसलात."

सुयशनं टेबलावरचं हेल्मेट जवळ ओढलं. त्यानं मावशीकडे पाहिलं. त्या एका नजरेत लीनाताईंना सगळं समजलं.

त्या उठल्या, आत गेल्या, तोंड धुऊन आल्या. मग मजुमदारबाबूंना म्हणाल्या, "ठाण्यात कळवा, पाटल्या कपाटातच होत्या. माझ्या नजरचुकीनं राहिल्या."

"काकू, खरं सांगा त्यांना," मृणाल म्हणाली.

"बहिणीला काय तोंड दाखवू? बाई सुटतेय ना तुमची? मग झालं."

मृणालनं मजुमदारबाबूंकडे पाहिलं. ते फोन घेऊन बाल्कनीत गेले होते. सोसायटीचं नाव निष्कारण पेपरात यायला नको, एवढं त्यांचं बोलणं आत ऐकू आलं. जिना उतरताना मृणाल एकदाच म्हणाली, "मामा, कोण ते मी सिद्ध करू शकते. ते कुणाला लिहायला लावू शकत नाही." तिला इतकं हरलेलं मामांनी कधी पाहिलं नव्हतं.

कानन मंगळवारी सुटली. कागदावर लिहिलं होतं, गैरसमज. शौनकनं त्याच दिवशी ती एक ओळ लिहिली. त्याला मिनिटही लागलं नाही. नंतर तो दोन तास गॅलरीत बसून राहिला.

बुधवारी दहा वाजता गेटवरून फोन आला. खाली कानन आली होती, पण आत येत नव्हती. मामा धावतच उतरले. ती फाटकाच्या बाहेर, फुटपाथवर उभी होती.

"वर चल ना. शौनक वाट बघतोय."

"आत यायचं तर फोटो काढावा लागेल ना?"

"आता तो बरोबर येतो गं. दुरुस्त केलाय शौनकनं."

"नको दादाबाबू. माझ्या चपला आणि स्वयंपाकघरातली साडी तेवढी पाठवा. त्याला म्हणावं, मी रागावले नाही. त्याच्या हातून झालं, त्यानं केलं नाही."

मामा फाटकाबाहेर आले. "कानन, तुझा नवरा गेला, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "कामाला परत आले त्या दिवशी. तुम्ही फोनवर होतात. बरं बरं म्हणालात, आणि चहा टाक म्हणालात."

मामांना तो दिवस आठवेना. चहा मात्र त्यांनी नक्की प्यायला असणार. आता तिला निदान त्या माणसाचं नाव विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. एकोणीस वर्षांत ते कधी विचारलं नव्हतं.

"काय नाव होतं त्यांचं?"

कानननं डोक्यावरचा पदर नीट केला. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं.

"माझी बस आली, दादाबाबू," ती म्हणाली, आणि चपलांसाठी न थांबता निघून गेली.