मंगळवारची पहिली पोच

पुंजा देवळ्याहून ट्रक घेऊन थेट हर्षालीच्या कचेरीत आला आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "ताई, सहा वाजता मी चोर ठरनार हाय."

घड्याळात चार वाजले होते. धोंडीराममामांनी चहाचा कप खाली ठेवला. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले मामा आता भाचीच्या गुप्तहेर कचेरीत बसत. आपली भाचीला फार मदत होते असं त्यांचं मत होतं. भाचीने आपलं मत कधी सांगितलं नव्हतं.

पुंजाची हकिगत साधी होती. किशोरशेठ नावाच्या दलालाने ठरवून दिलेलं भाडं घेऊन त्याने कांदा पाटण्याला पोचवला. काही रक्कम आगाऊ मिळाली होती. उरलेले बेचाळीस हजार तिकडच्या व्यापाऱ्याच्या शिक्क्याची पोचपावती आणून दिल्यावर मिळायचे. मंगळवारी सकाळी साडेनऊला त्याने ती पावती शेठच्या हातात दिली. आज शुक्रवार, आणि शेठ म्हणत होता पावती आलीच नाही.

"म्हनतो, सहा गोण्या तू वाटेत विकल्या, म्हनून पावती दडवली. सहाला ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकनार. बावीस वर्सांत एक कांदा इकडचा तिकडं केला नाय, ताई! मग नाशकात मला भाडं कोन देनार?"

"पावतीचा फोटो?"

"माझा बटनाचा फोन."

"पाटण्याचा व्यापारी काय म्हणतो?"

"तो दलालाबिगर कुनाशी बोलतच नाय."

हर्षालीने स्कूटरची किल्ली उचलली. "चला, मामा."

किशोरशेठची कचेरी आडगाव नाक्याजवळ, उभ्या ट्रकांच्या रांगेसमोर होती. टेबलावर कागद टोचायचा उभा खिळा, आणि मागे भिंतीवर वणीच्या देवीची मोठी तसबीर, हार घातलेली, जराशी तिरकी.

"पुंजा मंगळवारी आलाच नाही, मॅडम," शेठ म्हणाला. "त्या दिवशीचा पहिला माणूस दत्तू. येईल तशी पावती या खिळ्यावर टोचतो. इथून एक कागद हलत नाही."

"मामा, काढा बघू एकेक."

मामा खुलले. कागद म्हणजे त्यांचा प्रांत. वरून शुक्रवार, गुरुवार, बुधवार असं वाचत ते खाली निघाले. प्रत्येक दिवसाच्या पहिल्या पावतीवर कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं.

"ती भवानी," शेठ अभिमानाने म्हणाला. "उदबत्ती लावून दिवसाच्या पहिल्या पावतीला ओलं कुंकू लावतो. पंधरा वर्षांत एकदा चुकलो नाही."

एवढ्यात बुधवारची भवानी मामांच्या हातातून निसटून खाली पडली. शेठने झेप घालून ती उचलली आणि कपाळाला लावली. "लक्ष्मी आहे, मामा! पायाखाली नका येऊ देऊ."

मंगळवारच्या तीन पावत्या होत्या, आणि सगळ्यात खाली दत्तूची. पुढून स्वच्छ, मागे मात्र लालसर डाग. "पान खाल्लेल्या हाताने कागद धरतात लेकाचे," मामांनी तोंड वाकडं केलं. तिच्याखाली सोमवारची शेवटची पावती होती. तीही स्वच्छ होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर हिशेब लिहिणारी तेजल म्हणाली, "मंगळवारी मी अकराला आले. त्याआधीचं मला माहीत नाही." बोलता बोलता ती तसबीर सरळ करायला उठली.

"हात लावू नको!" शेठ केवढ्याने तरी ओरडला.

"रोज मीच तर पुसत होते," ती पुटपुटत बसली. "बुधवारपासूनच बंदी आलीये."

दत्तू बाहेर टायर ठोकून बघत होता. "मी धाला आलो. शेठ एकटेच व्हते, उदबत्ती संपत आलती. पावती घेतली, टोचली. पुंजा काय दिसला नाय."

मामांनी हर्षालीला बाजूला घेतलं. "हाच तो! पुंजाला भाडी जास्त मिळतात म्हणून जळतो."

"मामा, एकतीस वर्षं तिकिटं तपासलीत," हर्षाली हसली, "आणि आज फुकट्याला सोडून देताय."

पावणेसहाला सगळे शेठच्या टेबलाभोवती जमले. शेठने मोबाइल तयारच ठेवला होता.

"शेठ, मंगळवारची पहिली पावती दत्तूची होती ना? मग तिच्यावर कुंकू कुठे आहे?"

"विसरलो असेन."

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा? बरं, तिच्या मागचा डाग बघा. तो पानाचा नाही, कुंकवाचा आहे. खालच्या कागदावरचं ओलं कुंकू वर उमटलं. पण खालची सोमवारची पावती तर कोरी आहे. म्हणजे या दोघींच्या मध्ये कुंकू लावलेली एक पावती होती, आणि दत्तू यायच्या आधीच ती टोचली गेली होती. ती पुंजाची."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मग ती दत्तूने काढली असेल! नाहीतर तेजलने!"

"त्यांनी काढली असती तर फाडून गटारात टाकली असती. तुमची पंचाईत निराळी. बेचाळीस हजार गिळायचा मोह नंतर झाला, कुंकू सवयीने आधीच लावून बसला होतात. भवानी फाडायची कशी, जाळायची कशी? ती ठेवायला तुमच्या लेखी एकच जागा. तेजल, आता कर ती तसबीर सरळ."

तेजलने तसबीर हलवली. मागून एक कागद भिरभिरत निघाला.

तो जमिनीला टेकायच्या आत किशोरशेठने दोन्ही हातांनी झेलला आणि कपाळाला लावला. मग आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं.

कचेरीत हसण्याचा स्फोट झाला. मामांनी कागद काढून घेतला आणि कंडक्टरच्या खणखणीत आवाजात वाचला, "पुंजा, देवळा. गोण्या पूर्ण. माल उत्तम."

बेचाळीस हजार टेबलावर आले, पण पुंजा त्यांना हात लावेना. "आधी माझं नाव द्या, शेठ."

सहाच्या ठोक्याला ग्रुपवर शेठचा आवाज गेला. पुंजाने एक कांदाही विकला नाही, पावती मीच दडवली होती, माफी असावी.

मग रांगेतल्या एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, मग तिसऱ्याने, आणि बघता बघता अख्खा नाका दुमदुमला. पुंजा दारात उभा राहून रडत होता आणि हसतही होता.

मामांना राहवलं नाही. त्यांनी टेबलावरची घंटी दोनदा टण टण वाजवली. "चला, जाऊ द्या!"

पुंजा डोळे पुसत ट्रककडे धावला आणि त्याने सगळ्यात मोठा हॉर्न वाजवला.