शेवटच्याचा दोर

त्या काळी जमिनीच्या पोटात उतरण्याचं सामान बाजारात सहजी मिळत नसे. कमरेचे पट्टे मास्तर स्वतः शिवत. मास्तर म्हणजे शिंपी. आठवडाभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि शनिवार उजाडला की तिघांना घेऊन एखादं विवर गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. तिघं म्हणजे ती, तिचा मोठा भाऊ आणि भावाचा मित्र लंबू, जो ट्रक चालवायचा. ती नर्स होती, चोवीस वर्षांची. मास्तरांच्या हातासारखे एकसारखे टाके तिने एकाही सर्जनचे पाहिले नव्हते.

त्या शनिवारचं विवर विहिरीसारखं सरळ उभं होतं, दीडशे फूट खोल. तळाशी ओल्या चुनखडीचा वास होता, आणि दिवा फिरवला की भिंती मधासारख्या चमकत. चौघं कितीतरी वेळ नुसते बघत बसले.

"लंबू गप्प बसलाय," दादा म्हणाला, "म्हणजे जागा खरंच सुंदर आहे."

उतरणं सोपं, चढणं अवघड. चढताना दोरावर दोन लोखंडी पकडी असतात, एक छातीशी, एक पायाशी. त्या वर सरकतात, खाली येत नाहीत. पण सुरुवातीला दोर ढिला असतो आणि पायाची पकड दोरालाच वर ओढते. म्हणून खालच्या माणसाने दोर ताणून धरायचा. शेवटच्यासाठी धरायला कुणी उरत नाही. त्यामुळे शेवटी नेहमी मास्तर.

दादा आणि लंबू वर पोचले, आणि खाली तळाशी मास्तरांचा पाय घसरला. उजवा खांदा निखळला. तिने पट्टीने हात छातीशी बांधून टाकला.

"तू आधी जा, सिस्टर."

"आणि तुम्ही एका हाताने इथे काय करणार? ते दोघं तुम्हाला दुसऱ्या दोराने ओढून घेतील. चला."

"शेवटून चढलीयेस कधी?"

"दोनदा," ती म्हणाली. एकदाही चढली नव्हती.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "पकड अडकली तर चिडायचं नाही. दोर हाताने खाली ओढायचा, मग पाय उचलायचा. दर पावलाला."

ते वर गेले. ती एकटी उरली. आपण मध्येच अडकलो तर सोडवायला येऊ शकेल असा एकच माणूस आहे आणि त्याचा खांदा आपणच बांधलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने पाय उचलला. पकड सहज सरकली.

दुसरं पाऊल. तिसरं. हात लावावाच लागेना. दोर खाली कुठल्या कपारीत अडकला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

तीस फुटांवर ती दम खायला थांबली. दोर किंचित सैल झाला. तिने पाय उचलायला घेतला, तसा तो पुन्हा ताठ झाला. मास्तर धरत, अगदी तसा.

तिने खाली उजेड टाकला. तळापर्यंत दोर सरळ रेषेत गेला होता. हलत नव्हता.

ती चढत राहिली.

ती वर आल्यावर मास्तरांनी दोराला डावा हात लावला आणि तसाच ठेवला.

"खाली कोण आहे?"

"कुणी नाही, मास्तर."

मास्तर विवराच्या तोंडाशी वाकून नेहमीच्या आवाजात ओरडले, "दोर मोकळा!"

दोर सैल पडला.

तो वर ओढला तेव्हा सगळा ओलाचिंब, चिखलाने भरलेला होता. फक्त टोकाशी दोन मुठींएवढा भाग कोरडा होता. तिने हात लावला. कोमट होता.

मास्तरांनी दातांनी आपले कातडी हातमोजे काढले, त्याच आठवड्यात शिवलेले, कोरे, आणि विवरात टाकले.

"मास्तर, हे काय?" दादा म्हणाला.

"उघड्या हातांनी धरतोय तो. सोलवटले असतील."

इतक्या वर्षांत तिने पुष्कळ मोठी माणसं पाहिली. पण त्या वाक्याच्या तोलाचं कुणी काही बोललेलं तिला आठवत नाही.

रात्री चौघं विवराच्या तोंडाशीच मुक्कामाला राहिले. रविवारी सकाळी खाली राहिलेली पिशवी आणायला ती आणि दादा पुन्हा उतरले. पिशवीवर हातमोजे ठेवले होते, नीट, एकावर एक. तिने ते वर आणून मास्तरांच्या मांडीवर ठेवले. तळवे पार झिजले होते. उजव्याचा तर आरपार.

"उजव्या हाताचाच आहे माझ्यासारखा," मास्तर म्हणाले आणि सुईदोरा मागितला. तिने कातडं धरलं. त्यांनी डाव्या हाताने ठिगळं लावली, प्रत्येक टाका सारखा. निघताना हातमोजे पुन्हा खाली सोडले.

विवरात त्यांच्या दोन दोरांखेरीज दुसरा दोर नव्हता. आणि शनिवारी रात्री, हातमोजे खाली झिजत होते तेव्हा, ते दोन्ही वेटोळं करून तिने उशाला घेतले होते.