पायरीवरचे दोन जोड

त्या दिवशी मी फक्त जोडे धुवायला बसले होते. यात भिण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण मला कशाचीही भीती वाटू शकते, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझी लेक सूजिन तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि तिचा श्वास चालू आहे ना हे मी दिवसातून वीसेक वेळा तिच्या नाकाखाली बोट धरून बघत असे. एकदा त्या बोटानंच ती जागी झाली आणि तासभर रडली. शिक्षिकेचं प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी ठेवून मी हा असला अभ्यास करत होते.

थेबेकच्या डोंगरांत, कोळशाच्या खाणीपाशी, आमची दरी इतकी अरुंद होती, की समोरच्या कड्यापासून मागच्या कड्यापर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घालावेत, असं बायका म्हणत. ऊन दहाला यायचं, तीनला जायचं. रात्री पडलेला बर्फ सकाळी पांढरा असे, दुपारी राखाडी. ओढा मात्र बारा महिने काळा. डोंगर आतून किती पोखरलाय हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. वर जपान्यांचं राज्य होतं तेव्हाचे बोगदे, त्यांच्या खाली आमच्या कंपनीचे, आणि मध्ये कुठेतरी वर्षानुवर्षं कोंडलेलं पाणी. जपान्यांबरोबर त्यांचे नकाशेही गेले, असं म्हणत.

माझा नवरा इन्हो तीन वर्षांसाठी म्हणून खाणीत लागला होता. सगळेच तीन वर्षांसाठी येत. आमच्या शेजारची जोंगसनवाली मावशी तीन वर्षांसाठी येऊन एकोणीस वर्षं झाली होती. तिचा नवरा खाणीत मेला आणि कंपनीनं तिला कोळसा निवडायच्या पट्ट्यावर उभं केलं. खाणीत मेलेल्यांच्या बायकांना ते काम मिळत असे.

लग्न होऊन चाळीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात ती हातात डाव घेऊन माझ्या अंगावर धावून आली होती. इन्हो गमबूट घालून पाळीवर गेला होता. त्याचे घरी वापरायचे काळे रबरी जोडे मी ओट्यासमोरच्या दगडी पायरीवर नीट मांडले होते. टोकं बाहेरच्या बाजूला, माझ्या आईनं शिकवल्यासारखी.

"कुणी शिकवलं गं हे?"

"आईनं. बाहेर जाताना पटकन पाय घालता येतो."

"बाहेर जाताना! अगं बाई, इथं बाहेर जायची घाई कुणाला आहे? परत यायची असते. माणूस खाणीत असेल तोवर टोकं घराकडे. बाहेर वळवलीस की तू त्याला निरोप दिलास."

"पण मावशी, जोड्यांनी काय..."

"शिकलेली ना तू? मग शीक."

मग तिथंच उकिडवं बसून तिनं मला बाकीचे नियमही सांगितले. डब्यात भाताचे चार डाव घालायचे नाहीत, चार म्हणजे मरण, दोन्हींचा उच्चार एकच. सकाळी पाळीवर जाणाऱ्या पुरुषांची वाट ओलांडायची नाही. आणि मेलेल्याचे जोडे दारात ठेवायचे नाहीत, जाळून टाकायचे. "तुझ्या खोलीत आधी मुन राहायचा," ती म्हणाली. "खालच्या बोगद्यात जुनं पाणी फुटलं. तो हाताला लागलाच नाही. बायको तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी गेली. जोडे जाळायला म्हणून आम्ही अख्खी खोली उपसली, ते काही मिळाले नाहीत."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलेलं वेळेवर आठवत नाही, हा माझा जुना दोष.

तर त्या दिवशी इन्हो सकाळच्या पाळीला गेला. दुपारी सूजिनचा लाकडी चमचा घरंगळत ओट्याखाली गेला. मी खांद्यापर्यंत हात घालून चाचपला. चमचा मिळाला, आणि त्याच्या मागे तुळईच्या खाचेत कोंबलेला रबरी जोड्यांचा एक जोड. आत कोळशाची भुकटी गच्च भरलेली. हा माणूस काय काय हरवतो, असं पुटपुटत मी तो बाहेर ओढला. चाळीच्या दुकानात एकाच साच्याचे जोडे मिळत, मापं फक्त तीन. इन्होचाच जुना जोड असणार, दुसऱ्या कुणाचा? बंब तापलेलाच होता. मी दोन्ही जोड घासून धुतले, पुसले, आणि शेजारी शेजारी पायरीवर ठेवले. टोकं घराकडे. या वेळी आपण चुकलो नाही, म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झाले.

तीनला ऊन गेलं. बारीक बर्फ पडायला लागला. खाणीच्या तोंडाशी ढकलगाड्यांचा खडखडाट दिवसभर चालू असे. तो कानाला इतका सवयीचा, की थांबल्यावरच ऐकू यायचा. तो थांबला.

सूजिन खोलीत, चुलीनं खालून तापलेल्या जमिनीवर झोपली होती. मी स्वयंपाकघरात होते. आमचं स्वयंपाकघर खोलीपेक्षा दोन हात खोल, मागच्या दारानं आत यायचं. ते दार सरकलं. काळा झालेला माणूस खाली उतरला आणि मोरीपाशी माझ्याकडे पाठ करून बसला.

तेव्हा खाणीवर न्हाणीघर नव्हतं. पुरुष कोळशासकट घरी येत, डोळे आणि दात सोडून सगळं काळं. जुन्या बायका आपापला नवरा चालीवरून, खोकल्यावरून ओळखत. माझ्या लग्नाला दोनच वर्षं झालेली. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला तो माझा नवरा, इतकीच माझी ओळख.

"आज लवकर?"

"हं."

त्यानं अंगरखा काढला. मी तपेल्यानं कढत पाणी घेऊन पाठीवर ओतलं आणि घासायला लागले. नेहमी तिसऱ्या पाण्याला कातडी दिसायला लागते. तिसरं झालं, चौथं झालं. परातीत पाणी काळंच उतरत होतं आणि पाठ होती तशीच. मग वास लक्षात आला. कोळशाचा नव्हे, त्याची सवय होती. हा वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या विहिरीचा वास होता... ओल्या दगडाचा.

"पाणी बेताचं आहे ना?" मी विचारलं.

"गार आहे."

माझी बोटं पोळत होती. आणि तरी त्या पाठीवरून वाफ उठत नव्हती.

इन्होच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, लहानपणी बैलानं शिंग मारल्याची खूण आहे. वळ उठल्यासारखी, हाताला लागते. मी कापड बाजूला ठेवून नुसत्या तळव्यानं पाठ चाचपली. या खांद्याखाली... त्या खांद्याखाली... सगळं सपाट, नदीतल्या गोट्यासारखं.

"मुलगा झोपला का?" तो म्हणाला.

मी कापड पुन्हा हातात घेतलं.

"मोठा झाला असेल आता," तो म्हणाला. आणि खोलीच्या दाराकडे त्यानं हळूच मान वळवली.

ते दार त्याच्या कोपरापाशी होतं. दाराच्या आत सूजिन. मी म्हणाले, "आणखी पाणी... आणते," आणि बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. दुसरी कुठलीही आई आधी लेकराकडे झेपावली असती. अठरा वर्षं झाली, मी स्वतःला हेच सांगतेय, की पुढच्या बाजूनं ओट्यावरून खोलीत शिरायचं होतं म्हणून मी बाहेर पळाले. असेलही तसं.

वळसा घालून ओट्यापाशी आले आणि पायरीकडे लक्ष गेलं. दोन जोड. दोन्हींची टोकं घराकडे.

मुनच्या बायकोनं जोडे कुठं लपवले असतील, का लपवले असतील, ते मला त्या क्षणी कळलं. जाळायला तिचा हात धजला नसेल. आणि मी ते शोधून, धुऊन, टोकं आत करून ठेवले होते. मीच त्याला ये म्हटलं होतं.

आतून सूजिनचा आवाज आला. जागी झाली होती, हुंकार देत होती, कुणीतरी ओळखीचं दिसल्यावर देते तसे. स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तो स्वतःच घेत होता.

एक जोड बाहेर वळवायचा. इतकंच करायचं होतं. पण कुठला? एकच साचा, एकच माप, दोन्ही मीच घासून लख्ख केलेले, आणि वर बोटभर बर्फ. चुकले तर इन्हो डोंगराच्या पोटात, आणि निरोप त्याला.

मी बर्फ झटकला. एका जोड्यात हात घातला. गार, ओलसर. दुसऱ्यात घातला.

आत ऊब होती. नुकताच कुणीतरी पाय काढल्यासारखी.

मी विचार केला. शिकलेल्या बाईनं करावा तसाच केला. इन्हो सकाळपासून गमबुटात आहे, म्हणजे त्याचे जोडे गार असायला हवेत. ऊब आहे तो आत्ता आलेल्याचा. मी ऊबदार जोड उचलला आणि टोकं बाहेर करून ठेवला.

पाण्याचा आवाज थांबला.

आणि खाणीचा भोंगा वाजायला लागला.

पाळी सुटायला अजून अर्धा तास होता. अवेळी भोंगा म्हणजे काय, हे चाळीतल्या कुत्र्यांनाही कळत होतं. दारं सरकली, बायका अनवाणी धावायला लागल्या. मी मात्र पायरीपाशी गुडघ्यांवर. ऊबदार जोड परत आत वळवला. मग गार जोड बाहेर वळवला. मग हेच बरोबर की तेच, म्हणून पुन्हा हात घातला. आता दोन्ही गार होते.

मी खोलीत शिरून सूजिनला उचललं. ती ठीक होती. तिच्या गालावर मात्र एक काळं बोट उमटलं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. परातीतलं काळं पाणी काठोकाठ होतं, आणि ज्या पाण्यानं माझी बोटं पोळली होती, त्यावर बर्फाची पातळ साय धरली होती.

खाणीत छत कोसळलं होतं. सात जण अडकले आणि साडेसहापर्यंत सातही बाहेर आले. इन्हो शेवटचा. छातीपर्यंत गाडला गेला होता, पण एक हाडही मोडलं नव्हतं. दोघांच्या आधारानं घरी आला. मी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. तिसऱ्या पाण्याला कातडी दिसली. खांद्याखाली खूण हाताला लागली आणि मी तिच्यावर कपाळ टेकून रडले.

सगळं ऐकून तो म्हणाला, "चुलीच्या कोळशाचा धूर डोक्यात गेला तुझ्या. मुळ्याच्या लोणच्याचं पाणी पी दोन वाट्या." चाळीत धूर लागलेल्याला तेच पाजत. मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मुनचे जोडे मिळाल्याचं मी मावशीला सांगितलं, तशी ती बाहेर वळवलेला जोड जाळायला घेऊन निघाली.

"ओळखलास कसा?" तिनं विचारलं.

"एकात ऊब होती, मावशी. म्हणून आधी तोच..."

तिचे हात थांबले. "ऊब होती तो?"

"हो. मग भोंगा झाला, म्हणून परत फिरवला."

"पोरी, मेलेल्याच्या वस्तूला कुठली आलीय ऊब?"

"म्हणजे मी आधी..."

"किती वेळ होता तो बाहेर?"

"माहीत नाही. भोंगा होईपर्यंत."

तिनं जोड काखोटीला मारला. "आला ना घरी?" ती म्हणाली. "मग झालं. आलेल्याला विचारू नये." ओढ्याकाठी तिनं रबर जाळलं. तो धूर दुपारपर्यंत दरीतून हलला नाही.

खाण तीन वर्षांपूर्वी बंद झाली. आता आम्ही आन्यांग शहरात राहतो, चौथ्या मजल्यावर. इन्हो चांगला माणूस आहे. सूजिनचे फार लाड करतो. आपल्याला मुलगा नाही, याचं मात्र त्याला अधूनमधून नवल वाटतं. अंघोळीला कितीही कढत पाणी दिलं तरी "गार आहे" म्हणतो. कोळशानं नसा बधिर होतात, असं डॉक्टर म्हणतात. मी रोज त्याची पाठ घासते, आणि उजव्या खांद्याखालची खूण रोज माझ्या हाताला लागते.

ती पूर्वीही उजवीकडेच होती का, हे मला सांगता येईना. हा संशय माझाच, मला माझं नावसुद्धा दोनदा तपासून लिहायची सवय. म्हणून परवा पेटी उपसली. प्रमाणपत्राखाली आमचा लग्नाआधीचा फोटो मिळाला, पूर्व समुद्राच्या काठावरचा. इन्हो उघड्या अंगानं, पाठमोरा, मान वळवून हसतोय. खूण स्पष्ट दिसतेय. डाव्या खांद्याखाली.

फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला असेल, म्हणून मला हायसं वाटलं. असं होतं कधीकधी.

मग मी चष्मा लावला. त्याच्या मागे खानावळीची पाटी आहे. तिच्यावरची अक्षरं सरळ वाचता येतात.