झाकणावरची गाठ

बसा रे सगळे, लाइट काही इतक्यात येत नाही. आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नव्हेच. जेट्टीमागे तो निळ्या तोंडाचा ट्रक उभा असतो ना, त्याच्या रेडिएटरच्या झाकणाला जाळ्याचा दोरा बांधलेला आहे. त्याला बोट लावलेलं धर्माला का चालत नाही, ते आज ऐका. धर्मा माझ्या डोळ्यांदेखत वाढला. दारूला शिवत नाही, थापा मारत नाही. त्याने मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

ट्रक तिघांचा होता. धर्मा, त्याचा धाकटा भाऊ चंदू आणि धर्माचा मेव्हणा नंदकिशोर. बर्फातली मासळी भरायची आणि रातोरात नाशिकला पोचवायची. गाडी दोघे भाऊ चालवायचे, देखभाल नंदकिशोरकडे. इंजिन जुनं, चढावर तापायचं, म्हणून रेडिएटर वरचेवर धुवावा लागे. खालची तोटी उघडून जुनं पाणी सोडायचं, वरून गोडं पाणी ओतत राहायचं, गंज निघून नितळ पाणी यायला लागलं की तोटी बंद करून भरायचं. काम सोपं. पण आपल्या वर्सोव्यात गोडं पाणी सोपं आहे का? यार्डातल्या नळाला ते मध्यरात्रीनंतर यायचं. खाऱ्याला मात्र तोटा नाही, चार पावलांवर खाडी; पण खारं भरलं की आतून गंज चढतो, नळ्या तुंबतात.

या तिघांचा एक रिवाज होता. ज्याने पाणी भरलं त्याने झाकणाला जाळ्याचा दोरा बांधायचा, आपापल्या गाठीने. नंदकिशोरच्या गाठीला दोन कान असायचे. चंदू डावरा, त्याची गाठ उलटी वळायची. गाठ दिसली की ड्रायव्हरने झाकण उघडायचं नाही, सरळ गाडी काढायची. उघडलं तर बांधणाऱ्याचा अपमान. तुझ्यावर भरवसा नाही, असं त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी चंदू मासळी घेऊन निघाला आणि बोरिवलीच्या पुढे हायवेवर इंजिन तापून बंद पडलं. अंधारात बोनेट उघडून तो पुढे उभा होता, तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन आदळलं. आपलीच गाडी अंगावरून गेली बिचाऱ्याच्या.

झाकण उघडं सापडलं. दोरा कुठेच नाही. नंदकिशोर रडत रडत म्हणाला, मी त्या दिवशी पाणी भरलंच नव्हतं, चंदूला सांगितलं होतं तूच भरून घे म्हणून. गाठ असती तर दोरा नसता का दिसला? धर्माला पटलं. बायकोचा सख्खा भाऊ, एका ताटात जेवणारा, तो कशाला खोटं बोलेल? दहाव्याला सगळ्या कोळीवाड्यासमोर धर्मा बोलून गेला की माझा भाऊ आपल्या आळसाने गेला. चंदूची बायको मालन तिथेच होती. ती एवढंच म्हणाली, "गाठ बघितल्याशिवाय त्यांनी चावी फिरवली नसती, भावजी." नवरा गेला तो गेला, वर त्याचं नावही गेलं. त्या दिवसापासून ती धर्माशी बोलायची बंद झाली.

नंदकिशोरनेच पुढे इंजिन दुरुस्त करून आणलं. रेडिएटरही उतरवून धुऊन घेतला म्हणाला. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली.

साल शहाऐंशी. नारळी पुनवेची आदली रात्र, श्रावणातला सोमवार. दुसऱ्या दिवशी नारळ वाहिला की मासळीचा धंदा सुरू, आणि ट्रक धर्माच चालवणार होता. पद्मजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, झेंडूचा हार केला होता. तो बोनेटला घालून ये, म्हणाली, सकाळी घाई होईल. मुलं झोपली होती. धर्मा हार आणि कंदील घेऊन निघाला.

यार्डात चिटपाखरू नव्हतं. ढगाआडून चांदणं येत-जात होतं. धर्माने ताडपत्री काढली, हार घातला, बोनेट उचलून पाहिलं. झाकणावर नवा दोरा होता, दोन कानांची गाठ. बरं वाटलं त्याला. मेव्हण्याने काम चोख केलं, असं मनाशी म्हणत तो वळला.

खाली पाणी ठिबकत होतं.

त्याने वाकून पाहिलं. तोटी जराशी उघडी. पान्याने आवळली आणि निघाला. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच पुन्हा... आता ठिबकणं नव्हतं, धार होती. परत आला, तर तोटी अर्धी उघडी. आटे गेले असतील, असं त्याने मनाला समजावलं. पण पाणी गेलं असेल तर सकाळी गाडी काढायची कशी? बघायलाच हवं. बघायचं तर गाठ सोडायला हवी. मेव्हण्याची गाठ सोडताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं, असं तो स्वतः मला म्हणाला.

झाकण उघडलं. कंदील जवळ धरला. आत तांबडा चिखल आणि कडेने पांढरा थर. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारं. खाडीचं पाणी.

म्हणजे रेडिएटर धुतलाच नव्हता. उद्या धर्मा याच गाडीत बसणार, हे ठाऊक असून नंदकिशोरने खारं पाणी भरलं होतं आणि वर गाठ मारली होती. धर्माच्या कानशिलात आग पेटली. एव्हाना मध्यरात्र उलटून नळाला गोडं पाणी आलं होतं. त्याने कॅन भरला, तोटी पुरती उघडली आणि बंपरवर पाय देऊन वरून ओतायला लागला. आतल्या नळ्या इतक्या तुंबलेल्या की पाणी खाली उतरेना, उलटं तोंडाशी फुगून आलं. त्याबरोबर काहीतरी तरंगत वर आलं. जाळ्याचा दोरा. गंजाने लाल झालेला, एका बाजूने सुरीने कापलेला.

गाठ शाबूत होती. दोन कानांची.

धर्माला सगळं लख्ख कळलं. त्या रात्री गाठ होती. चंदूने ती पाहिली, भरवसा ठेवला आणि चावी फिरवली. हायवेवर वाफेत हात भाजत दोरा कापला, तो झाकणाखालून आत पडला. तेव्हापासून आतच होता, कारण कुणी धुतलंच नव्हतं. आणि नंदकिशोर दहाव्याला मान खाली घालून सगळं ऐकत बसला होता. धर्माला रडू फुटलं. रडत रडतच तो ओतत राहिला, कॅनमागून कॅन.

खालून आवाज आला. टक्.

"ओततोय रे," धर्मा म्हणाला.

दोघे भाऊ रेडिएटर धुवायचे तेव्हा धर्मा वर असायचा, चंदू खाली तोटीशी. एक टक् म्हणजे अजून गढूळ आहे, ओत. दोन म्हणजे नितळ आलं, तोटी बंद केली, भर आता. वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून शब्द निघून गेला.

मग हात थांबला.

खाली कुणी नव्हतं. यार्डातच कुणी नव्हतं...

टक्.

धर्मा वाकला नाही. मान खाली करायची हिंमतच झाली नाही.

"चंदू...?"

पाण्याचा आवाज. बाकी काही नाही.

"मी तुलाच... सगळ्यांसमोर..."

त्याने कॅन उचलला. ओतला. परत भरला. ओतला. पाणी अंगावर सांडत होतं.

टक्. टक्.

खालची धार थांबली. कुणीतरी तोटी बंद केली होती.

त्याने रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं. गाठ मारायला बोटं वळेनात. लाल दोरा मुठीत धरून तो मागे न बघता घरी आला आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिला.

सकाळी पूजेला सगळे जमले. पद्मजा भावासाठी राखीचं ताट घेऊन आली होती. नंदकिशोर नवा सदरा घालून हसत आला, तशी धर्माने त्याच्यापुढे मूठ उघडली.

"रेडिएटरमध्ये होता. आत."

नंदकिशोरने दोऱ्याकडे पाहिलं. कुणाचा, कधीचा, काही विचारलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "पाणी रात्रीचं यायचं, दाजी. दर वेळी कोण जागत बसणार?"

"आणि दहाव्याला?" धर्मा म्हणाला. "तेव्हा तर दिवस होता."

पद्मजाने ताट तसंच घरात नेलं. नंदकिशोर त्यानंतर चेंबूरला राहायला गेला, या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मी म्हणतो, बरं झालं. झोप मोडायचा कंटाळा एकवेळ माफ करता येईल. पण मेलेल्या माणसावर स्वतःचं पाप ढकलणाऱ्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

धर्मा सगळ्यांदेखत मालनच्या पाया पडला. ती ट्रककडे गेली, वर केलेल्या बोनेटखाली वाकली आणि तशीच थांबली. धर्मा मागोमाग गेला.

झाकणाला दोरा बांधलेला होता. रात्री त्याने बांधला नव्हता. ओला दोरा, उलट्या वळणाची गाठ.

मालनने तिच्यावर हलकेच बोट ठेवलं. "पाणी भरलंय त्यांनी," ती म्हणाली. "उघडू नका."

धर्माने उघडलं नाही. तशीच गाडी काढली, नाशिकला जाऊन आला. तीन वर्षं झाली, गाडी कसाऱ्याचा घाट चढते पण तापमानाचा काटा हलत नाही, आणि ते झाकण आजवर कुणी उघडलेलं नाही. मे महिन्यात इंजिनाला हात लावला तर फोड येतो, तेव्हाही तो दोरा ओलाच असतो. खाडीची दमट हवा असेल, म्हणून धर्माने एकदा बोट लावून जिभेवर टेकवलं.

गोडं पाणी होतं.