पळसदेवला थांबलेला डोळा

जूनमधलं चक्रीवादळ ओमानकडे निघून गेलं. हवामानाच्या कुठल्या मॉडेलनं त्याचा मार्ग किती बरोबर सांगितला होता, हे तपासणं माझं काम. बाकीची मॉडेलं थोडीफार चुकली होती. एक मात्र कितीदा चालवलं तरी वादळ घाटावर आणायचं आणि त्याचा डोळा, म्हणजे मधली निवांत जागा, उजनी धरणाच्या पाण्यावर, पळसदेवपाशी थांबवायचं.

"ते वगळ, दिशा," इंद्रजित सर म्हणाले. "तिथं वादळ आलंच नव्हतं."

"जागा बघितल्याशिवाय नाही वगळणार."

माझं घर बारामतीला, त्यामुळे पळसदेव जवळच. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. काठावर कुशाबाई मासे साफ करत होत्या. शेजारी त्यांचे यजमान, जोतीरामतात्या, जाळं सांधत होते. मॉडेलनं वादळ इथं दाखवलं त्या दिवशी वारा होता का, मी विचारलं.

"पान हाललं न्हाय," कुशाबाई म्हणाल्या.

"हुता की," तात्या म्हणाले. "मी पाण्यावर हुतो. चौफेर वारं, होडीपाशी तेवढं न्हाय."

"आवं, तुमी घरी हुता! माज्या म्होरं बसून जेवलासा."

तात्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग उठून म्हणाले, "चला म्याडम, दावतो."

होडी मधोमध आली आणि पाखरांचे आवाज थांबले. हातातल्या वायुदाबमापकाचा आकडा घसरायला लागला. उपकरण बिघडलं असेल म्हणून मी ते झटकलं. आकडा आणखी घसरला. चारी काठांवरचा ऊस आडवा झाला होता, पाणी उसळत होतं. आमच्याभोवतीचं पाणी मात्र तेलासारखं निवांत.

तुषारांपलीकडे कुशाबाई दिसल्या. त्यांच्यासमोर दोघं बसली होती, पुरुष हुबेहूब तात्यांसारखा. माझ्या गळ्यात होती तीच निळी ओढणी त्या बाईच्या अंगावर होती. कुशाबाईंनी तिला चहाचा कप दिला.

"तिकडं बघू नगा," तात्या कुजबुजले. "मागल्या बारीला मी बघत बसलो."

"मग?"

"मग काय. त्यो घरी जेवला."

मी ओढणी कमरेला घट्ट बांधली. दुसरं वल्हं उचललं.

"मी इथं आहे!" काठाकडे बघून ओरडले. "इथं!"

"म्याडम, बसा!"

"वल्हवा, तात्या!"

वारा भिंतीसारखा अंगावर आला. तळवे सोलले. मी वल्हं सोडलं नाही.

ते मॉडेल मी अहवालात ठेवलंय. सर अजून चिडलेले आहेत. चिडोत.

त्या दुपारी होडी काठाला लागली तेव्हा ऊस ताठ उभा होता. कुशाबाई एकट्याच होत्या.

"आनखी च्या घेता व्हय, ताई?"

मी अजून होडीतून उतरलेही नव्हते. जिभेवर आल्याच्या चहाची चव होती.