पहिला चमचा

इडाच्या तोंडात पहिला चमचा गेला आणि टेबलाभोवती टाळ्या पडल्या.

बॅरोसांच्या घरची ती रीतच होती. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला सुरी लागायच्या आधी, घरामागच्या बॉगमध्ये, म्हणजे पाणथळ मळ्यात, पिकलेल्या क्रॅनबेरीचा सॉस सगळ्यांत धाकट्यानं चाखायचा आणि भरवायचा मान थोरलीचा. धाकटी म्हणजे अडीच वर्षांची इडा. थोरली म्हणजे तिची आजी फिलोमेना, जिला सून टेससकट सगळे वोवो, म्हणजे आजीच, म्हणायचे.

इडानं डोळे मिटून तोंड वाकडं केलं. हनुवटीवरून एक लाल थेंब पांढऱ्या लाळेऱ्यावर ओघळला. मान न वळवता वोवोचा हात व्हिनेगरच्या बाटलीकडे गेला. मीठ-मिरपुडीशेजारी ती बाटली बारा महिने असायची. कमरेला खोचलेल्या टॉवेलाच्या टोकावर दोन थेंब घेऊन तिनं डाग टिपून टाकला.

"मा, तुझा एप्रन कुठंय?" तिची लेक लुर्देसनं विचारलं.

"सकाळपासून शोधतेय. पाय फुटले त्याला."

"आमच्या वुस्टरला सॉस डब्यातून निघायचा," टेसची आई मॉरीन म्हणाली. "ताटात उभा राहायचा, डब्याच्या वळ्यांसकट. क्रॅनबेरी झाडावर लागतात की वेलीवर, ते टेसच्या लग्नापर्यंत माहीत नव्हतं."

"हे ऐकल्यावर यांना जेवायला वाढायचं की नाही, ते ठरवा," लुर्देस म्हणाली. सगळे हसले.

टेस हसली नाही. ती इडाच्या ओठाकडे बघत होती. खालचा ओठ जाड दिसत होता. मग गाल फुगला. मग इडा खोकली आणि तो खोकला अर्ध्यातच अडकला.

"नेल्सन, हिचे पाय धर," टेस नवऱ्याला म्हणाली. कमरेच्या पिशवीतलं इंजेक्शन तिच्या हातात आलंही होतं.

सुई मांडीत गेली. खुर्च्या सरकल्या, कुणाचा तरी कोपर लागून इडाचा निळा वाडगा फरशीवर फुटला. रुग्णवाहिका आली. वोवो आणि लुर्देस मागून गाडीनं निघाल्या. ओव्हन बंद करायला आणि काचा झाडायला मॉरीन थांबली, मग तीही आली.

टेसला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी अक्रोडाच्या एका कणानं इडा अशीच सुजली होती. तेव्हापासून घरात अक्रोड बंद. लुर्देसचा क्रॅनबेरी-अक्रोडाचा पावसुद्धा त्या सकाळी व्हरांड्यात, वेगळ्या टेबलावर ठेवला होता. आणि इडाचा सॉस टेसनं आदल्या संध्याकाळी स्वतः रटरटवला होता. फळं, साखर, पाणी. गाळून, झाकून फ्रिजमध्ये. त्या चमच्याआधी इडानं दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

म्हणजे कुणीतरी घातलं होतं.

आणि कोण, यावर टेसनं फार विचार केला नाही. "आमची पोरं अक्रोडाच्या पोत्यावर बसून वाढली, हल्लीच्या आयांनाच भीती फार," हे वोवोचं वाक्य तिला पाठ होतं.

इडाचा श्वास सरळ झाल्यावर दवाखान्याच्या बोळात ती सासूसमोर उभी राहिली.

"तुम्हाला बघायचंच होतं ना, खरं की खोटं? बघितलंत. आता माझ्या मुलीला हात लावायचा नाही."

मॉरीननं लेकीच्या खांद्याभोवती हात टाकला. "चल बाळा," ती म्हणाली. "मी आहे ना."

तिथंच ठरलं. सोमवारपासून टेसची नोकरी पुन्हा सुरू होत होती. इडाला वोवो सांभाळणार होती. आता मॉरीन वुस्टरचं घर बंद करून इथं राहणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी इडाला घरी आणलं. तिचे ओकारीचे कपडे घेऊन टेस तळघरात गेली. धुण्याच्या टोपलीच्या अगदी तळाशी, घट्ट गुंडाळलेला, काहीतरी ओलसर हाताला लागलं.

वोवोचा एप्रन. पांढरा, छातीवर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं. खिशात तपकिरी कण होते. टेसनं ते हुंगले. अक्रोड.

पायरीवर उभा असलेला नेल्सन खाली उतरून आला. "म्हणजे आपली माच," तो म्हणाला.

टेसलाही तसंच वाटायला हवं होतं. तिनं एप्रन दिव्याखाली पसरला. पोटावर तळहाताएवढा डाग होता. निळा-करडा, सांडलेल्या शाईसारखा. त्याच्याभोवतीचं कापड चोळून चोळून विरलं होतं.

तिनं डागावरून बोट फिरवलं.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "मला आधी काही विचारायचंय."

लुर्देस व्हरांड्यात आपला पाव कागदात गुंडाळत होती.

"कुणी खाल्ला नाही?" टेसनं विचारलं.

"कोण खाणार, पोर दवाखान्यात असताना? अख्खा परत नेतेय. अख्खा म्हणजे, वरचे अक्रोड कुणीतरी खुडलेत. नेल्सनची जुनी खोड."

"कधी खुडले?"

"काल सकाळीच. पाव ठेवला आणि मी नि नेल्सन बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेलो. गेलो तेव्हा होते, आलो तेव्हा टक्कल."

"नेल्सन सगळा वेळ तुझ्याबरोबर होता?"

"होता की." लुर्देसचा हात थांबला. "मग त्यानं कसे खुडले?"

"वोवो तुमच्याबरोबर नव्हत्या?"

"गुडघे दुखतात म्हणाली. घरी ती होती, तुझी आई होती आणि तू इडाला अंघोळ घालत होतीस." तिनं टेसकडे पाहिलं. "तू माझ्या आईला जे बोललीस ना, टेस, ते कुत्र्यालाही कुणी बोलत नाही."



वोवो स्वयंपाकघरात फळं निवडत होती. एकेक क्रॅनबेरी टेबलावर टाकायची; उसळली की चांगली, परातीत; नाही उसळली की बादलीत.

"माझ्याशी बोलायचं नव्हतं ना तुला?"

"विचारायचंय. काल सॉस भरवताना काही वेगळं वाटलं?"

वोवोनं एक फळ टाकलं. ते उसळलं नाही. "सुटला होता. आदल्या संध्याकाळी मी फ्रिज उघडला तेव्हा छान जमून थरथरत होता. काल चमचा घातला तर पाणी सुटलेलं. जमलेला सॉस ढवळला की पुन्हा जमत नाही. मला वाटलं, तूच ढवळलास."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या सैपाकात मी खोट काढायची? मागच्या वर्षी काढली तर आठवडाभर तोंड फिरवून होतीस."

"काल सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"पंपाकडे गेले होते. थंडीत वेली झाकायला पाणी बॉगात सोडायचं आलंय, बांधाच्या फळ्या बघायच्या होत्या. आल्यावर एप्रन शोधत बसले."

"गुडघे दुखत होते ना?"

"फळ्यांपर्यंत चालवतं. कबरीपर्यंत नाही चालवत मला अजून."

"तिथं कुणी पाहिलं तुम्हाला?"

"बगळ्यानं."

वरच्या खोलीत मॉरीन इडाला मांडीवर घेऊन डोलत होती. टेस दारातच थांबली.

"आई, काल सकाळी फ्रिजमधला सॉस कुणी बाहेर काढलेला पाहिलास?"

मॉरीननं डोलणं थांबवलं. "मला बोलायचं नव्हतं गं. तुझं घर मोडायला नको. फिलोमेना काहीतरी ढवळत होत्या."

"एप्रन बांधून?"

"हो. तोच त्यांचा, नावाचा."

टेसनं पुढे होऊन इडाला उचलून घेतलं.

संध्याकाळच्या कॉफीला तिनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. कालचा उरलेला सॉस मधोमध ठेवला, एक चमचा उचलला आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर सांडला.

लुर्देसचा हात तत्क्षणी मीठ-मिरपुडीकडे गेला आणि हवेतच राहिला. "बाटली कुठंय?" नेल्सन कपाट उघडायला उठला.

"बसा," टेस म्हणाली. "आई, एवढं धुऊन देतेस?"

मॉरीन रुमाल घेऊन सिंकशी गेली. कोपरा भिजवला, कपड्याच्या साबणाची वडी उचलली आणि खसाखसा घासू लागली.

"अहो, साबण नको," वोवोच्या तोंडून निघून गेलं.

उशीर झाला होता. लाल डाग जांभळा झाला, मग निळा-करडा. मॉरीन त्याच्याकडे बघत उभी राहिली. हा रंग तिनं आधी पाहिलेला होता, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

टेसनं मांडीवरचा एप्रन टेबलावर पसरला. तोच रंग. फक्त मोठा.

"लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला मी या घरचा टेबलक्लॉथ असाच घालवला होता," ती म्हणाली. "वोवोंनी तेव्हा शिकवलं. क्रॅनबेरीला साबण लावला की डाग निळा होतो आणि कापडात मुरतो. तिला आधी व्हिनेगर. बॉगवर वाढलेल्या माणसाला हे आठवावं लागत नाही, त्याचा हातच जातो. काल वोवोंचा गेला, आज लुर्देसचा गेला. ज्यानं हा एप्रन साबणानं चोळला, तो या घरातला नव्हता."



"लुर्देस नि नेल्सन बाहेर होते. वोवो बांधावर होत्या. तू खुंटीवरचा एप्रन बांधलास, पावावरचे अक्रोड खुडलेस, खिशातल्या खिशात चुरलेस. घरचा सॉसही डब्यातल्यासारखा घट्ट जमतो हे तुला ठाऊक नव्हतं. ढवळताना तो अंगावर उडाला. धुतलास तर भलताच रंग आला. घाबरून एप्रन टोपलीत दडवलास, आणि काल एकटी मागे राहिलीस तेव्हा दवाखान्याच्या घाईत तो तुला आठवलाही नाही."

"चिमूटभर होतं, टेस." मॉरीनची पाठ अजून सगळ्यांकडे होती. "तू झोपत नाहीस. पोरीला कुणाच्या वाढदिवसाला नेत नाहीस. कुठंतरी वाचलं होतं, कणाकणानं दिलं की सवय होते. म्हटलं, काही झालं नाही तर तुला सांगीन, आणि तू सुटशील."

"ते डॉक्टर देतात, आई. दवाखान्यात, समोर बसवून."

"चुकले मी."

"तिथं चुकलीस म्हण. पण डॉक्टर विचारत होते, पोरीनं काय खाल्लं, आणि तू माझ्या शेजारी उभी होतीस. मी वोवोंना नको ते बोलत होते, तेव्हा तुझा हात माझ्या खांद्यावर होता." टेसनं एप्रनची घडी घातली. "आणि आज दुपारी मी सरळ विचारलं. तेव्हाही तू त्यांचंच नाव घेतलंस."

मॉरीन वळली. ओला रुमाल तिनं टेबलावर ठेवला.

वोवो उठली. टेसनं बाटली कपाटामागे दडवलीय हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. रुमाल वाटीत टाकून तिनं वर व्हिनेगर ओतलं.

"निघेल?" नेल्सननं विचारलं.

"निळेपणा जाईल. डाग राहील."

"वोवो," टेस म्हणाली, "सोमवारी इडाला..."

"सांभाळीन. तिच्यासाठी. तुझं-माझं काय ते नंतर बघू. आत्ता माझ्या अंगात बळ नाही."

मॉरीनची बॅग भरायला वेळ लागला नाही. नेल्सननं गाडी दारात आणली. कोट चढवून ती स्वयंपाकघरात आली, टेसच्या कडेवरच्या इडाकडे. इडानं हसून आजीकडे हात पसरले. मॉरीन पापा घ्यायला वाकली.

टेस खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता तिचा हात दोघींच्या मध्ये गेला.